खटका

"काकू, मंगळसूत्र जरा बाजूला घेऊ का?"

तीस वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य हेच असेल. 'ॲक्शन' हा शब्द आमच्या कामात फारसा लागत नाही. 'कट' तर मी नव्या मुलांना मोठ्याने म्हणू देत नाही, माणूस बोलायचा थांबतो. पण मंगळसूत्र, माळ, शालीचं टोक, शर्टाची कडक कॉलर हलक्या हाताने बाजूला करणं हे रोजचं. काळे मणी माईकवर घासले की हेडफोनमध्ये पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज येतो आणि त्याच्याखाली माणसाचं बोलणं गाडलं जातं.

तो माईक म्हणजे लेपल. करंगळीच्या नखाएवढं डोकं, त्याला चिमटा, चिमट्यातून निघालेली बारीक वायर आणि वायरच्या टोकाला कमरेला खोचायची डबी. फ्रान्सच्या चौदाव्या लुईची प्रेयसी लुईझ द ला व्हालिएर हिच्या नावावरून गळ्यातल्या एका लोलकाला नाव पडलं. पुढे गळ्यात दोरीने अडकवायचे माईक आले तेव्हा तेच नाव त्यांना चिकटलं. इंग्रजीत त्याला अजूनही लाव्हालिअर म्हणतात. आमच्या युनिटमध्ये असं कुणी म्हणत नाही, पण हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. मूळची दागिन्याच्या जागेवर आलेली ही वस्तू, म्हणून तर मंगळसूत्राशी तिचं पटत नाही.

मी १९९४ साली सोलापूरहून मुंबईत आले. २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेलं मुंबई दूरदर्शन तेव्हा बावीस वर्षांचं होतं आणि बाहेरच्या निर्मात्यांचे प्रायोजित कार्यक्रम जोरात चालू होते. अशाच एका निर्मात्याकडे मला काम मिळालं. पद असं काही नव्हतं. फोन लावायचे, गाडीचा नि चहाचा हिशोब ठेवायचा, बीटाकॅमच्या टेपांवर लेबलं चिकटवायची. कॅमेरामन पुरुष, साऊंड रेकॉर्डिस्ट पुरुष, लाईटवाले पुरुष. बाईची मुलाखत असली की लेपल लावायच्या वेळी सगळेच अवघडून छताकडे बघायचे. वायर पदराखालून घ्यायची, ब्लाउजच्या कडेला चिमटा बसवायचा, हे परक्या पुरुषाने करायचं कसं? एका मुलाखतीला साऊंडदादांनी मला हाक मारली, "तू ये गं." मी गेले. पुढे निर्माती म्हणून नाव लागलं, पण या क्षेत्रात माझी गरज पहिल्यांदा लागली ती त्या हाकेला.

लेपल लावायला वीतभर अंतरावर जावं लागतं. अनोळखी माणसांत इतकं जवळ फक्त डॉक्टर, शिंपी आणि कासार यांनाच येऊ देतात. मी आधी हात चोळून ऊन करून घ्यायची. लावताना गप्प राहायचं नाही हे आपोआप कळलं. "भाजीला काय केलंत?" एवढं विचारलं तरी खांदे सैल व्हायचे. चिमटा नुसता नायलॉनच्या साडीला लावला की घसरतो, म्हणून औषधाच्या दुकानातली पांढरी कागदी पट्टी आतून चिकटवायची. नऊवारीत डबी कुठे खोचायची हे मला एका आजींनीच दाखवलं. आदल्या रात्री तयार केलेले माझे सगळे प्रश्न त्या तीन मिनिटांत बदलायचे. अंगाला येणारा बामचा वास, नुकतंच पुसलेलं डोळ्यांतलं पाणी, आतल्या खोलीकडे वळून वळून बघणारी मान, हे कॅमेऱ्यामागे खुर्ची टाकून बसणाऱ्याला दिसत नाही.

डबीत दोन पेन्सिल सेल लागतात. मुलाखतीच्या मध्ये सेल संपला तर परत काही मिळत नाही, म्हणून आम्ही ते अर्धे उतरले की बदलतो. ते अर्धे उतरलेले सेल मी पर्समध्ये टाकून घरी आणायची. आमच्या घरातली भिंतीवरची घड्याळं, रिमोट, भाच्याची आगगाडी, सगळं वर्षानुवर्षं लेपलच्या सेलांवर चाललं. आई पाहुण्यांना सांगायची, "आमच्या घरातली वेळ हिच्या शूटिंगवर चालते."

१९९६ च्या दिवाळीत दोन दिवस सामान माझ्याकडे होतं, तेव्हा मी आईलाच लेपल लावून बघितला. ती खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होती. ती टेप अजून आहे. चटणीचे ठोके, "काय बोलू मी?" असं दोनदा, मग "आधी बाबांना जेवायला हाक मार," आणि सबंध वेळ मण्यांची खडखड. वाया गेलेला साऊंड म्हणून मी त्यावर फुली मारून ठेवली होती.

२००० च्या जुलैत 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि आमचा धंदाच बदलला. परदेशातला कार्यक्रम विकत घ्यायचा, त्याबरोबर कसं करायचं याची जाडजूड पोथी येते, तिला बायबल म्हणतात, आणि ती पाळून आपल्या भाषेत तो उभा करायचा. कथाबाह्य कार्यक्रम, म्हणजे आमच्या बोलण्यातलं 'नॉन-फिक्शन', तोवर मालिकांच्या फटीत बसायचं, ते आता रात्रीच्या मुख्य वेळेला आलं. २००४ मध्ये मराठीत 'होम मिनिस्टर' आलं आणि घरोघरच्या वहिनी स्वतःच्या हॉलमध्ये पदराला माईक लावून उभ्या राहिल्या. पुढे 'बिग बॉस' आलं, २००६ ला हिंदीत आणि २०१८ ला मराठीत. "कृपया माईक व्यवस्थित घाला" ही त्या घरातली सूचना आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. त्या घरात मी कधी काम केलं नाही. पण दिवसभर अंगावर लेपल असलेली माणसं मी दुसरीकडे पाहिली, आणि ऐकली.

याचं तंत्र लोकांना माहीत नसतं. वीस जणांच्या अंगावर वीस डब्या. कंट्रोल रूममध्ये भिंतभर पडदे आणि प्रत्येकाच्या आवाजाचं वेगळं बटण. लॉगर मुलंमुली कानाला हेडफोन लावून वेळेसकट लिहीत बसतात, १४:०७ रडली, १४:१२ पाणी प्यायली, १४:३० आईचं नाव घेतलं. संहिता नसते हे खरं. पण लिहिणारे भरपूर असतात, फक्त ते घडून गेल्यावर लिहितात. दहा तासांतून बारा मिनिटं काढायची, त्यांना सुरुवात-शेवट द्यायचा. हे कसबाचं काम आहे आणि मला ते मनापासून आवडायचं.

आणि डबीवर एक खटका असतो. तो सरकवला की आवाज बंद. शूटिंगमध्ये तो चुकून बंद होऊ नये म्हणून साऊंडवाले तो लॉक करून देतात. तेव्हा मला त्यात काहीच वाटायचं नाही.

एका गाण्याच्या स्पर्धेत मी पडद्यामागच्या भागाची निर्माती होते. एकोणीस वर्षांची एक मुलगी, तालुक्याच्या गावातली. गळा बसलेला, दुसऱ्या दिवशी फेरी. ती स्वच्छतागृहात गेली, दार लावलं आणि बहिणीला फोन केला. डबी कमरेलाच होती. दारामागून तिचा आवाज माझ्या कानात अगदी जवळून आला, जणू माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून बोलत होती. बाबांनी आपल्याला इथे पाठवायला कर्ज काढलंय, आणि आपला आवाज गेलाय. मी हेडफोन काढला नाही. लॉगर मुलीला मी बोटाने खूण केली, लिही.

तो आवाज बंद दाराच्या चित्रावर लावला. बावीस सेकंद, खाली अक्षरं. एडिटच्या खोलीत सगळे गप्प झाले होते आणि ती शांतता मला शाबासकी वाटली. प्रसारणानंतर दोन दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. ते भांडायला आले असते तर मी करार पुढे केला असता. करारात सगळं होतं, तिची सही पानोपानी होती. ते भांडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, कर्जाचं मी घरात कुणाला बोललो नव्हतो. तिला एकटीला माहीत होतं. आता तिच्या आईला टीव्हीवरनं कळलं." मग म्हणाले, "असू द्या," आणि फोन ठेवला.

त्यानंतरही दोन वर्षं मी तेच काम केलं. घराचे हप्ते होते, आणि काम मला येत होतं. पण मला झोपेत आवाज यायला लागले. दाराआडचे.

त्याच सुमारास एका फिल्म सोसायटीत मी जाँ रूश आणि एडगर मोरँ यांचा १९६१ चा माहितीपट पाहिला, 'क्रॉनिकल ऑफ अ समर'. त्यात मार्सेलिन नावाची तरुणी पॅरिसच्या रिकाम्या रस्त्यांवरून एकटी चालत जाते. खांद्याला नाग्रा रेकॉर्डर, कपड्याला माईक. पंधरा-सोळा वर्षांची असताना तिला वडिलांबरोबर नाझी छळछावणीत नेलं होतं, ती परत आली, वडील आले नाहीत. चालता चालता ती हळू आवाजात त्या वडिलांशीच बोलते. कॅमेरा तिच्यापासून लांब लांब जातो, ती मंडईच्या छताखाली इवलीशी होते, आणि आवाज मात्र आपल्या कानाशी. मी अंधारात रडले. दारामागच्या मुलीचा आवाजही इतकाच जवळ होता. पण मार्सेलिनचं यंत्र मार्सेलिनच्याच खांद्याला होतं. कुठे वळायचं, काय बोलायचं, कधी गप्प व्हायचं, सगळं तिच्याकडे. आम्ही त्या मुलीला वाहून न्यायला डबी दिली आणि खटका आमच्याकडे ठेवला.

तेव्हापासून मी लेपल लावायच्या आधी डबी समोरच्याच्या तळहातावर ठेवते. "हा खटका. इकडे केला की मला काही ऐकू येत नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा करा, मला विचारू नका." लॉक करायचं नाही, हे माझ्या युनिटमध्ये पहिल्या दिवशी सांगितलं जातं. साऊंडवाले कुरकुरतात, त्यांचंही बरोबर आहे. ऐन वाक्यात खटका बंद झालेला असतो आणि चांगलं वाक्य जातं ते जातंच.

बीडच्या ऊसतोड कामगारांवर फिल्म करताना याची खरी परीक्षा झाली. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत तोड करायची. पहाटे अंधारात फडात शिरायचं. उसाचं पान कातरतं, म्हणून बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. आमच्याबरोबर असलेल्या ताईंचा शर्ट चौकड्यांचा होता, खिशात तंबाखूची पुडी. मी लेपल शर्टाच्या आत, दुसऱ्या नि तिसऱ्या बटणाच्या मध्ये लावला. पाचटाचा सळसळाट इतका, की माझं अर्धं लक्ष आवाजावरच. त्यांना खटका दाखवला. त्यांनी तो दोनदा सरकवून बघितला, "आता?" "नाही येत." "आन् आता?" "येतंय." मग हसल्या.

त्या दिवसात त्यांनी तो चार वेळा बंद केला. मुकादमाची मोटरसायकल दिसली की बंद, गेली की चालू. दुपारी ट्रॅक्टरच्या सावलीत भाकरी सोडून बसल्यावर शेजारणीशी काही बोलल्या, तेव्हा बंद. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली होती आणि मी प्रश्न घेऊन आले होते. त्या दुपारी बायकांचे हात पोटाकडे जाताना मला लांबून दिसत होते आणि कानात काही नव्हतं. खूप जीव तळमळला. संध्याकाळी मोळ्या गाडीत चढवून झाल्यावर त्या स्वतः आल्या, माझ्यासमोर खटका चालू केला आणि म्हणाल्या, "आता इचारा. माझं सांगते. तिचं नाही." चाळीस मिनिटं त्या बोलल्या. फिल्ममध्ये दुपारचा भाग तसाच आहे, चित्र चालू आणि आवाज नाही. पैसे देणाऱ्यांनी तिथे संगीत घालायला सांगितलं. मी घातलं नाही.

लेपल आता आणखी लहान झालेत. वायरच नाही, बटणाएवढी वस्तू चुंबकाने चिकटते, आणि सेल लागत नाहीत, चार्ज होतात. आमच्या घरातली घड्याळं आता दुकानातून आणलेल्या सेलांवर चालतात.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी आईचं बोलणं रेकॉर्ड करायचं ठरवलं. कुठे दाखवायला म्हणून नाही. सोलापूरच्या घरात, खिडकीपाशी. मुद्दाम कपाटातून जुनाच लेपल काढला, वायरवाला. हात चोळून घेतले. पदर सारखा केला, चिमटा बसवला आणि सवयीने तोंडातून निघालं, "मंगळसूत्र जरा..." आई माझ्याकडे बघत राहिली. मी हेडफोन लावले. एकदम स्वच्छ साऊंड. श्वास, घशातली घरघर, खालून जाणारी भाजीची गाडी, सगळं वेगवेगळं. असाच साऊंड मिळावा म्हणून मी तीस वर्षं परक्या बायकांचे मणी बाजूला सारत आले होते.

डबी तिच्या हातात होती. लग्नाचं वर्ष, पहिलं बिऱ्हाड, चादरीच्या कारखान्यातली बाबांची पाळी, असं सांगत सांगत ती दवाखान्यातल्या शेवटच्या रात्रीपर्यंत आली. तिथे थांबली. अंगठ्याने चाचपून तिने खटका सरकवला. माझ्या कानात काही उरलं नाही. तिचे ओठ हलत होते. मी हेडफोन काढून खाली ठेवले आणि जवळ सरकले.

बऱ्याच वेळाने तिने पदराने चष्मा पुसला, डबी डोळ्यांजवळ धरून खटका परत सरकवला आणि विचारलं,

"हं. कारखान्याचं कुठवर झालं होतं?"