भयाचें माप

मनुष्यास दुःख होतें तें घडलेल्या गोष्टीमुळें, कीं त्या गोष्टीविषयीं मनांत उठणाऱ्या विचारामुळें? प्रश्न फार जुना आहे. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील डॉ. ॲरन बेक यांनीं १९६० नंतरच्या दशकांत त्याच्या आधारें एक उपचारपद्धति उभारली. तिला बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात. माझी तिच्याशीं ओळख महापुरामुळें झाली.

कृष्णामाई सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं उगम पावते आणि कऱ्हाडास कोयनेला पोटांत घेऊन आमच्या सांगलीस येते. येथील आयर्विन पुलापाशीं ४० फूट ही इशाऱ्याची व ४५ फूट ही धोक्याची पातळी होय. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांवर चढलें आणि आमचें घर बुडालें. त्यानंतर साताऱ्यास मामांकडे पाऊस लागल्याचें नुसतें ऐकलें तरी माझी छाती धडधडे, झोंप उडे, आणि मी पुस्तकें माळ्यावर चढवूं लागें.

वडिलांनीं मला एका समुपदेशक बाईंकडे नेलें. आठवड्यास एक बैठक. समोरासमोर आम्ही दोघेंच. ‘भिऊं नकोस’ असें त्या एकदांहि म्हणाल्या नाहींत. त्यांनीं वहींत चार रकाने आंखविले: काय घडलें, मनांत काय आलें, काय वाटलें, काय केलें. मीं लिहिलें, ‘साताऱ्यास पाऊस’. शेजारीं, ‘आज रात्रीं घर बुडणार’. त्यांनीं विचारलें, “बाळ, या विचारास पुरावा काय, आणि विरुद्ध काय?” मीं म्हटलें, “२०१९ सालीं बुडालेंच होतें!” तें त्यांनीं मान्य करून पुराव्यांत लिहविलें. विरुद्ध बाजूस, घर कोरडें राहिलेल्या कित्येक पावसाळी रात्री आल्या.

पुढें पायरीपायरीनें कृति आली. प्रथम पावसांत पुस्तकें खालींच राहूं द्यावयाचीं. मग वडिलांसमवेत पुलाजवळ जाऊन पातळीचा आंकडा टिपावयाचा. जागेवर थांबलें म्हणजे भय चढतें तसें ओसरतेंहि, हें मला तेथें उमगलें. पळ काढला, तर तें खरें कीं खोटें हें पाहण्याची संधिच मनास मिळत नाहीं.

पूर पुन्हां येणार नाहीं, असें हा उपचार सांगत नाहीं. पाणी ४० फुटांस आलें कीं आम्ही सामान बांधूं. तोंवर मीं अभ्यास करावा, एवढें ठरलें आहे.

पालकांस एकच विनंति. मूल भितें म्हणून त्यास हंसूं नये; त्याच्या मनांत नेमकें काय येतें, तें विचारावें. त्रास न हटल्यास जाणत्याकडे जावें. २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.