हिशेबाचें तोंड

दुकानाच्या गल्ल्याला दोन बाजू असतात ही गोष्ट आपण रोज पाहतों. पण तिच्यावर विचार करण्याइतकी सवड सहसा कोणास मिळत नाहीं. आंतल्या बाजूस बसणाराला वही, तागडी आणि पैशाचा खण हीं तिन्ही दिसतात. बाहेर उभें राहणाराला दिसतो तो बहुधा बसणाराचा चेहरा. त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून आपल्या कित्येक पिढ्यांनीं वाणसामान घरीं आणलें. तो विश्वास सहसा वायां गेला नाहीं, हें दुकानदारांच्या लौकिकास शोभणारेंच आहे. तथापि ज्याला हिशेब दिसत नाहीं त्याचा विश्वास आणि ज्याला दिसतो त्याचा विश्वास, हे दोन एकाच जातीचे नव्हेत, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. आणि त्याला कारण झालें एक बिल करण्याचें यंत्र.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, कुंडलिकेच्या मुखाशीं रेवदंडा आहे. तेथील बाजारांत आमच्या एका स्नेह्यांचें किराणा मालाचें दुकान आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तरी त्यांनीं कांहीं वर्षें हातानेंच बिलें लिहून काम भागविलें. पुढें मुलाच्या आग्रहामुळें त्यांनीं यंत्राची सगळी सामग्री मागविली. आणि असल्या वस्तूंची आम्हांस थोडी माहिती असल्यामुळें ती मांडून देण्याचें काम आमच्याकडे आलें.

खोक्यांतून संगणक निघाला, काळ्या पट्ट्या वाचणारा स्कॅनर निघाला, कागदाच्या गुंडाळीवर छापणारा लहानसा प्रिंटर निघाला आणि एक जड पोलादी खण निघाला. नवख्यास वाटेल कीं, खणाची तार संगणकास जोडावयाची. बहुतेक ठिकाणीं तसें नसतें. ती प्रिंटरला जोडतात. बिल छापतांना प्रिंटरच विजेचा एक हलकासा ठोका खणाकडे धाडतो आणि खण उघडतो. अडीअडचणीसाठीं किल्ली असते, ती गोष्ट निराळी. एरवीं कागदावर नोंद झाल्यावांचून पैशाला वाट नाहीं.

या रचनेंत सोयीइतकाच संशयहि आहे, आणि तो तिच्या कुळांतच आहे. अमेरिकेंत ओहायो राज्यांतील डेटन शहरीं जेम्स रिटी या गृहस्थाचें मद्यगृह होतें. नोकर पैसे लांबवितात म्हणून तो त्रासला होता. असें सांगतात कीं, यूरोपच्या प्रवासांत आगबोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारें यंत्र त्यानें पाहिलें आणि फेरे मोजतां येतात तर विक्री कां मोजतां येऊं नये, असें त्याच्या मनांत आलें. १८७९ सालीं त्यानें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्या पहिल्या यंत्राला घड्याळासारखी तबकडी होती आणि तिच्यावरचे कांटे रक्कम दाखवीत. नोकरावर नजर ठेवण्यासाठीं मालकानें उघड्या आंकड्याची मदत घेतली, ही यांतील खरी युक्ति.

रेवदंड्याच्या दुकानांत साबणाच्या वड्यांनीं आम्हांस मुळींच त्रास दिला नाहीं. त्यांवर तेरा आंकडे असतात. भारतांतील संस्थेनें दिलेल्या क्रमांकाचा आरंभ ८९० नें होतो, आणि शेवटचा आंकडा आधींच्या बारांवरून काढलेला असल्यामुळें वाचण्यांत चूक झाल्यास तो सहसा जुळत नाहीं. पण जवळा, सुके बोंबील, आमसुलें, सुटे पोहे यांच्या अंगावर पट्ट्या कोठून असणार? त्यांना आम्हीं घरचे क्रमांक दिले आणि वजनकांटा यंत्रास जोडला.

मागविलेल्या सामग्रींत गिऱ्हाइकाकडे तोंड करणारा छोटा पडदा मात्र नव्हता. "येथें सगळे ओळखीचे, आंकडे कोण पाहणार?" असें आमचे स्नेही म्हणाले. मोबाइलवरून पैसे जमा झाल्याचें मोठ्यानें सांगणारी पेटी दुकानांत होतीच. पण ती बोलते ती दुकानदारासाठीं. रक्कम कशाची झाली हें ती सांगत नाहीं. आम्हीं आग्रह धरून तो पडदा मागविला, त्याचें कारण उधारी. जून-जुलैंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत कोळीवाड्यांतील कित्येक घरांचें सामान वहीवर चालतें आणि नारळी पौर्णिमेनंतर तें फिटूं लागतें. ज्या आंकड्यावर घर दोन महिने तगून राहतें तो आंकडा घरच्या बाईनें बहुधा पाहिलेला नसतो.

यंत्र सुरू करतांना प्रत्येक खात्याची आरंभीची बाकी भरावी लागते. एकदां ती भरली कीं मागचें सारें तिच्या पोटांत गेलें. म्हणून आम्हीं सुचविलें कीं, बाकी भरतांना खातेदार समोर असावा. स्नेह्यांना तें लागलें. आपण आजवर कोणाचा पैसा बुडविला नाहीं, असें ते म्हणाले. आणि तें खरेंहि होतें. तरी अखेर त्यांनीं निरोप धाडले व चार दिवस लोक येत राहिले.

त्यांत एक वयस्क कोळीण आली. तिला अक्षरें येत नव्हतीं; पण मासळी विकणाऱ्या बाईला आंकडे यावेच लागतात. पडद्यावर ४,३६० रुपये पाहून ती म्हणाली, "शेट, शिमग्याची सुरमई कुठं गेली?" शिमग्याला तिनें दुकानदारांच्या घरीं एक मोठी सुरमई दिली होती आणि तिची किंमत खात्यांतून वजा करावयाची असें ठरलें होतें. सुरमई दुकानदारांना आठवत होती. वहीला आठवत नव्हती. यंत्रानें विचारलें: रोख, कार्ड कीं मोबाइल? सुरमईसाठीं तेथें सदर नव्हतें. शेवटीं दोघांनीं उभ्या-उभ्या तिचें वजन आठवून भाव ठरविला आणि ती 'रोख' या सदरांत जमा झाली. असा फेर एकंदर सहा खात्यांत पडला. त्यांपैकीं दोहोंत बाकी वाढली, हेंहि सांगितलें पाहिजे. आणि ती वाढ खातेदारांनीं स्वतःच सांगितली.

एवढ्यावरून यंत्राची आरती ओवाळावी असें आम्ही म्हणत नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलें, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गांवें कित्येक दिवस अंधारांत राहिलीं. तशा दिवसांत वहीच चालते. शिवाय या प्रिंटरला शाई नसते. उष्णतेनें काळा पडणारा लेप कागदावर असतो आणि ऊन व दमट हवा लागली कीं अक्षरें विरत जातात. म्हणून रोज रात्रीं उधारीची बाकी वहींत शाईनें उतरावी आणि तीच खातेदाराच्या पुस्तिकेंतहि लिहावी, असा क्रम आम्हीं ठरवून दिला. तो अद्याप चालू आहे.

रिटीला चोर पकडावयाचा होता. रेवदंड्यास चोर कोणीच नव्हता. तरी उघड्या आंकड्याची गरज होती, कारण भल्या माणसांचीहि स्मृति सारखी नसते, आणि वही ज्याच्या हातीं त्याचीच स्मृति टिकते. पडदा घेणें ज्यास परवडत नाहीं त्या दुकानदारानें तागडी समोर धरावी, रक्कम मोठ्यानें म्हणावी आणि वहीचें पान फिरवून समोरच्याकडे करावें. त्याला वीज लागत नाहीं.