नुसते ओठ हलव

इयत्ता तिसरीत आमच्या बाईंनी माझ्या गायनकलेचा कायमचा निकाल लावून टाकला. स्वातंत्र्यदिनाचं समूहगीत बसवणं चाललं होतं. बाईंनी पेटी थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं!" तेव्हापासून आरतीला, वाढदिवसाला, फार काय, पोरगी पाळण्यात होती तेव्हाही मी नुसते ओठच हलवत आलो. पोरगी बिचारी कंटाळून झोपायची.

भिवंडीतल्या आमच्या शाखेत बऱ्याच गुरुजनांचे पगार जमा होतात. त्यामुळे शैक्षणिक धोरण मला घरबसल्या, म्हणजे खिडकीबसल्या कळतं. २०२० साली नवं धोरण आलं. २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्यात संगीत, नाटक, नृत्य ही मंडळी चित्रकलेच्या पंगतीला बसली. २०२५-२६ पासून आपल्याकडे पहिलीला नवा अभ्यासक्रमही सुरू झाला. मागच्या महिन्यात या विषयावर माझ्या खिडकीशी परिषदच भरली.

पहिले गुरुजी म्हणाले, "संगीत आलं, ठीक आहे. पण शिकवणार कोण? सा आणि रे यांतला फरक मला लिहून दाखवला तरच कळतो!"

दुसरे म्हणाले, "आणि तास कुठून काढू? परिपाठाला राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, वर प्रार्थना. झालं की संगीत!"

तिसऱ्या बाई इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "आमची शाळा मागांच्या गल्लीत. खटखटीत माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. शेवटी एक दिवस पोरांना म्हटलं, मागाचा ठेका ऐका आणि टाळी द्या. आता पाढे त्याच ठेक्यावर चालतात. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी उर्दू, कुणी मराठी. टाळी मात्र एकदम पडते. पेटी मलाही येत नाही हो!"

"आणि बेसूर पोरांचं काय करता?" मी विचारलं. हा प्रश्न बँकेच्या कामकाजात बसत नव्हता.

"त्या वयात कसलं आलंय बेसूर? ऐकायला शिकलं की सूर हळूहळू लागतो. मधेच कुणी गप्प करू नये, एवढंच."

मी त्यांच्या स्लिपवर शिक्का मारला. एकदा पुरे होता, तीनदा मारला.

त्या रात्री भांडी विसळताना मी गुणगुणलो. बाहेर माग चालू होते, त्यांच्या आडोशानं. मागे वळून पाहतो तो दारात मुलगी! आता आठवीत आहे. मी चटकन ओठ मिटले.

"थांबलास का बाबा? म्हण की!"

म्हटलं. चांगलं दोन कडवी म्हटलं. समोरच्या बिऱ्हाडानं धाडकन खिडकी लावून घेतली. जन्मभर मागांची खटखट ऐकलेल्या भिवंडीकरानं खिडकी लावावी, म्हणजे माझा आवाज आता खरोखरच निघत असला पाहिजे!