पाहुण्याने भांडे विसळायचे नसते

वऱ्हाडच्या पाहुणचाराची ख्याती जुनी आहे. पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी, मग गुळाचा खडा आणि तांब्याभर थंड पाणी. येण्याचे कारण विचारायचे ते त्यानंतर. जेवल्यावाचून कोणी परत गेले, तर घरच्या बाईला दिवसभर चुटपुट लागून राही. उन्हाळ्यात आंब्याचा रस आणि सरगुंडे, हिवाळ्यात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, सोबत तुरीचे वरण आणि वांग्याची भाजी. घरात काहीच नसले, तरी बेसन, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असेच. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरावा आणि वाढणारीने त्या हाताखालून भाकर सरकवावी, इतका तो आग्रह. पुसदपासून वणीपर्यंत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ही रीत आजही जिवंत आहे आणि तिचा आम्हांला अभिमान आहे.

मात्र या पाहुणचाराला एक उंबरठा होता आणि तो सर्वांसाठी सारख्या उंचीचा नव्हता. ज्या घरांत एवढ्या आग्रहाने जेवू घातले जाई, त्यांपैकी अनेक घरांच्या अंगणात आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला ओंजळीत उंचावरून पाणी मिळे. गावच्या लग्नात लाकडे फोडायला, सांगावा पोहोचवायला, खरकटे उचलायला ते असत, पंगतीत नसत. पंगती उठल्यावर जे उरे, ते त्यांच्या पदरात पडे. अन्न तेच असे. परंतु ताटात वाढलेले अन्न आणि पदरात टाकलेले अन्न यांतील अंतर ज्यांनी भोगले, त्यांना पाहुणचाराचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आपल्यासारखाच कापसाचा दुसरा एक प्रदेश पाहुणचारासाठी जगभर नावाजला गेला. तो म्हणजे अमेरिकेतील दक्षिणेकडील राज्ये. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली, एवढे जुने आपले आणि त्या प्रदेशाचे नाते. तिथल्या प्रशस्त घरांतूनही पाहुण्यांचे स्वागत मोठ्या अगत्याने होई. परंतु रांधणारे आणि वाढणारे हात बहुधा कृष्णवर्णीयांचे असत, आधी गुलाम म्हणून आणि पुढे नोकर म्हणून. त्या मेजावर त्यांना स्वतःला जागा नसे. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानातील उपाहारगृहात जाऊन बसले. त्यांनी मागितली होती फक्त कॉफी. ती नाकारली गेली, तरी ते दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ते उपाहारगृह सर्वांना खुले झाले.

एका पेल्याचे मोल एवढे मोठे असते, हे आपल्या समाजाला निराळे सांगायला नको. बाबासाहेबांनी आपल्या बालपणीचा १९०१ सालचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. तेव्हा ते नऊ वर्षांच्या आसपास होते. वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यासाठी ही भावंडे साताऱ्याहून मसूर स्थानकावर उतरली. नवे कपडे, सुटीचा आनंद. परंतु जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवानाने पायी चालायचे, अशी अट पडली. शिदोरी सोबत होती, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही. भरल्या डब्यासह मुले उपाशी झोपली. पुढे मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली, तेव्हा आलेल्या प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. त्यानंतर २० मार्चला चवदार तळ्यावर जे घडले, ते आपण सर्व जाणतो. त्या दिवशी ओंजळीत घेतलेले पाणी तहान भागवण्यापुरते नव्हते; या भूमीवर आम्हीही उंबरठ्याच्या आतले आहोत, हे सांगणारे ते पाणी होते.

आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत निकालांविषयी, खेळांविषयी, गुरुजनांच्या कष्टांविषयी इतर जण लिहितीलच. आम्ही वसतिगृहातील जुने विद्यार्थी जी विद्या इथे शिकलो आणि जिच्यासाठी वेळापत्रकात तास नव्हता, तिच्याविषयी लिहीत आहोत. ती विद्या पाहुण्याच्या स्वागताची.

आम्ही इथे आलो ते कोणी घाटंजीच्या बाजूचे, कोणी उमरखेड-महागावकडचे, कोणी पांढरकवड्यापलीकडच्या कोलाम पोडावरचे. पहिल्याच आठवड्यात वाढण्याची पाळी लागली. पाळीचे नियम साधे होते आणि ते कधीच मोडले जात नसत. वाढायला सुरुवात पंगतीच्या शेवटच्या टोकाकडून करायची, कारण मागे बसलेल्याला आपल्यापर्यंत भाजी पोहोचेल की नाही ही धास्ती असते. ‘किती भाकरी देऊ?’ असे विचारायचे नाही. भुकेला माणूस संकोचाने नेहमी एक कमी सांगतो. कोणाच्या ताटाकडे टक लावून पाहायचे नाही. पाणी आधी, मीठ विसरायचे नाही, आणि वाढणाऱ्याने सर्वांत शेवटी जेवायचे. पातेल्याच्या तळाशी काय उरले आहे, यावरून आम्ही कसे वाढले याचा हिशेब आम्हांलाच लागत असे.

रविवारी पालक भेटीला येत. फडक्यात बांधलेली भाकर, तिखट, कधी भाजलेल्या शेंगा. त्या दिवशी पालकांची ताटे आमच्याच पंगतीत मांडली जात. त्यांच्यासाठी वेगळी जागा नसे आणि वेगळे अन्नही नसे. भिक्खू संघ भोजनदानासाठी आला, तर दुपारच्या आत त्यांचे जेवण व्हावे म्हणून अख्खे स्वयंपाकघर पहाटेपासून राबे. वर्गशिक्षकांचे मित्र, शेजारच्या गावचे सरपंच, तपासणीला आलेले अधिकारी, सर्वांना तेच वरण, तीच भाकर. अधिकारी आले म्हणून त्या दिवशी भाजीत तेलाची धार वाढली, असे आम्ही एकदाही पाहिले नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांतली एक संध्याकाळ आमच्यापैकी अनेकांना आठवते. एका मुलाचे वडील दिवसभराची मजुरी संपवून निघाले, म्हणून उशिरा पोहोचले. परतीची शेवटची एस.टी. निघून गेली होती. त्यांना आत बोलावले, तर ते दाराशीच उकिडवे बसले. सतरंजी हातभर अंतरावर होती, पण तिला त्यांनी पायही लावला नाही. पाणी आणलेले पाहून त्यांनी दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली. ती सवय होती. कोणत्या वाड्यावर, किती वर्षांत लागली, हे विचारण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. स्वयंपाकघरातील मावशींनी ती ओंजळ हळूच खाली केली, पेला त्यांच्या हातात दिला आणि सतरंजी त्यांच्याकडे ओढून घेतली. जेवण झाल्यावर ते पेला घेऊन उठले आणि म्हणाले, “बाई, गिलास धुऊन कुठी ठेवू?” मावशी म्हणाल्या, “पाहुण्यानं भांडं नाही इसळत, भाऊ. राहू द्या तेथीच.”

ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी पेला खाली ठेवला. त्यांचा मुलगा आमच्या रांगेत उभा राहून हे पाहत होता. समतेवरची अनेक भाषणे आम्ही पुढे ऐकली, काही केलीही. पण समता म्हणजे काय, हे आम्हांला त्या खाली ठेवलेल्या पेल्याने शिकवले.

यजमानाचा धर्म एवढा सांगितला, तर पाहुण्याचाही सांगितला पाहिजे. धम्माच्या परंपरेत तो फार सुंदर रीतीने येतो. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांचे अखेरचे मोठे भोजन पावा येथील चुंद नावाच्या लोहाराच्या घरी झाले. त्यानंतर ते गंभीर आजारी पडले. देह ठेवण्यापूर्वी त्यांनी आनंदाला चुंदाची काळजी घ्यायला सांगितले. आपल्या अन्नामुळे हे घडले असे वाटून तो खंतावेल, कोणी त्याला दोषही देईल. तेव्हा त्याला सांग की संबोधीपूर्वीचे भोजन आणि हे भोजन या दोन्ही दानांचे पुण्य सारखेच थोर आहे. मृत्यूच्या दारात असलेल्या पाहुण्याला चिंता होती ती यजमानाच्या मनाची. त्याच सुत्तात वैशालीची आम्रपाली येते. तथागतांनी तिचे भोजनाचे निमंत्रण आधी स्वीकारले होते. नंतर लिच्छवी राजपुरुष आले, तरी त्यांच्या वैभवासाठी गणिकेला दिलेला शब्द मागे घेतला गेला नाही. निमंत्रणे आली त्या क्रमाने स्वीकारली गेली. निमंत्रण देणाऱ्याची प्रतिष्ठा त्यात मोजली गेली नाही.

आम्ही पाहुणे म्हणून गावोगावी जात असू, तेव्हा हेच बंधन आमच्यावर असे. वर्षावासात ग्रंथवाचनाच्या समाप्तीला एखाद्या विहारात बोलावणे आले, की निघण्यापूर्वी सूचना मिळे: ताटात टाकायचे नाही, जे वाढले नाही ते मागायचे नाही, आणि ज्या घरी पातळ वरण असेल त्या घरी ते दोनदा घ्यायचे.

आज आमच्यापैकी अनेकांची घरे यवतमाळ, नागपूर, पुणे येथे आहेत. दिवाणखान्यात सोफा आहे, काचेच्या कपाटात पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला कपबशांचा संच आहे, फ्रीजमध्ये थंड पाणी आहे. ज्यांना एकेकाळी अंगणात थांबावे लागले, त्यांची नातवंडे आता यजमान झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण यजमान झाल्यावर दोन परीक्षा द्याव्या लागतात.

पहिली परीक्षा भपक्याची. लग्न, बारसे, गृहप्रवेश यांत किती पदार्थ, किती मोठा मंडप, किती आहेर यावरून आता पाहुणचार मोजला जाऊ लागला आहे. कर्जाच्या ओझ्याने खचलेल्या शेतकऱ्यांची दुःखे ज्या जिल्ह्याने इतकी पाहिली, तिथे मंडपासाठी काढलेल्या कर्जाचे कौतुक होऊ नये. चार माणसांना पोटभर वरण-भाकर आणि बसून दोन घटका निवांत बोलणे, यात उणे काहीच नाही. सधन नातेवाइकाने साध्या मंगल परिणयाला जावे, तिथे मनापासून जेवावे आणि ‘फार छान झाले’ असे चारचौघांत म्हणावे. त्या एका वाक्याने एखाद्या बापाचे कर्ज वाचू शकते.

दुसरी परीक्षा अधिक कठीण आहे. घरी धुणे-भांडी करणारी बाई, सिलिंडर घेऊन चौथ्या मजल्यावर चढणारा मुलगा, शेतावर वेचणीला येणारी पारधी आणि कोलाम कुटुंबे यांना आपण पाणी कशात देतो? काचेच्या कपाटातल्या संचातून, की ओट्याच्या कोपऱ्यात बाजूला ठेवलेल्या त्या एका पेल्यातून? असा बाजूला ठेवलेला पेला ज्या ज्या घरात आहे, त्या घराच्या भिंतीवर कोणाचे छायाचित्र लावले आहे याने फरक पडत नाही. हा प्रश्न आम्ही इतरांना विचारीत नाही. या शाळेच्या पंगतीत जेवून मोठ्या झालेल्या आपणा सर्वांना विचारीत आहोत, कारण याचे उत्तर आपल्याला शिकवले गेले आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसे नागपूरला पोहोचली, त्यांत आपल्या जिल्ह्यातले आजी-आजोबाही होते. आजही धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ठिकठिकाणी भोजनदान चालते. वाढणारा घेणाऱ्याचे गाव विचारत नाही, जात तर नाहीच नाही. ‘जय भीम, घ्या’ एवढेच म्हणतो आणि द्रोण पुढे करतो. वऱ्हाडच्या जुन्या पाहुणचाराची ऊब आणि धम्माने दिलेली समता त्या द्रोणात एकत्र आलेली दिसते.

शाळेच्या स्नेहमेळाव्याला आपण सारे सहकुटुंब यावे, ही आमची विनंती. मुलांना घेऊन यावे आणि त्यांची नावे वाढण्याच्या पाळीत लिहावीत. पंगत एकच असेल, वाढायला शेवटच्या टोकाकडून सुरुवात होईल आणि वाढपी शेवटी जेवतील. जेवण झाल्यावर आपण सर्व जण आपापली ताटे धुऊ, कारण या शाळेत आपण घरचेच आहोत. त्या दिवशी गावातून, रस्त्यावरून, कामावरून जो कोणी अनोळखी माणूस पंगतीला येऊन बसेल, त्याचे ताट मात्र आपल्यापैकी कोणीतरी उचलावे.