पाकिटातले पत्र पाकिटातच राहू द्या

प्रिय मित्रवर्य,



पहिल्या महायुद्धात परदेशी गेलेल्या हिंदी फौजेचे टपाल जमवायचे आणि तेही मेसोपोटेमियापुरतेच, हा तुमचा बेत मला मनापासून आवडला. आजच्या इराकातल्या त्या मोहिमेत आपल्याकडची माणसे फार होती. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्येच १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. सुरुवात कोणत्या तिकिटांपासून करू, असे तुम्ही विचारता. माझे उत्तर असे, की तिकिटांपासून करूच नका. पाकीट घ्या, आणि आतल्या पत्रासकट घ्या.

तिकिटांची ओढ मला समजते. १९०० साली चीनला गेलेल्या फौजेसाठी भारतीय तिकिटांवर ‘सी. ई. एफ.’ ही अक्षरे छापली, १९१४ पासून पंचम जॉर्जच्या तिकिटांवर ‘आय. ई. एफ.’ आली. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडल्यावर तर हाती लागलेल्या तुर्की तिकिटांवरच ब्रिटिश ताब्याचे शब्द आणि आण्यांतली किंमत छापून ती चालवली. बगदादची ही तिकिटे संख्येने थोडी, म्हणून त्यांचे भाव चढे. पण या भावापायीच कितीतरी पाकिटांची तिकिटे कापली गेली, पाण्यात भिजवून सोडवली गेली. उरले ते पाकीट कुणी जपले नाही आणि आतला कागद तर कुणी उलगडूनही पाहिला नाही. या छंदाचे याहून मोठे नुकसान कुठल्याही वाळवीने केलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एखादे साधे लष्करी पाकीट डोळ्यांसमोर आणा. त्यावर गोल टपालशिक्का आहे. शिक्क्यात तारीख आहे, ‘एफ. पी. ओ.’ (फील्ड पोस्ट ऑफिस) ही अक्षरे आणि एक क्रमांक आहे, पण गावाचे नाव नाही. ते मुद्दामच ठेवलेले नाही, कारण फौज कुठे आहे हे शत्रूला कळू द्यायचे नव्हते. बाजूला सेन्सॉरचा शिक्का आणि त्यावर घाईची सही. आता आतले पत्र पाहा. ठिकाण लिहायला बंदी, म्हणून शिपाई आपला मुक्काम सांगत नाही. तारखेऐवजी अनेकदा तिथी असते, आणि वर्ष घालायचे राहून जाते. म्हणजे पत्राला बोलता येते, पण ते कुठले आणि केव्हाचे हे त्याला सांगता येत नाही. पाकिटाला नेमके तेच सांगता येते. कोणते फील्ड पोस्ट ऑफिस कोणत्या महिन्यात कुठे होते याचे तक्ते अभ्यासकांनी लावलेले आहेत. त्यामुळे क्रमांक आणि तारीख मिळाली की बसरा की अमारा हे ठरवता येते. पत्र आणि पाकीट वेगळे झाले की दोन्ही मुके.

पुडक्याचेही तसेच. एका घरातली वीसेक पाकिटे विक्रेता सुटी करून विकतो, कारण सुट्याला गिऱ्हाईक लवकर मिळते. पण समजा, डिसेंबर १९१५ च्या सुमारास ती मालिका एकाएकी तुटलेली आहे. त्या महिन्यात मेसोपोटेमियातल्या कूत या गावाला तुर्कांचा वेढा पडला आणि सहावी डिव्हिजन आत अडकली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली, आणि त्यांतली पुष्कळ परतली नाहीत. त्या पुडक्यातला खंड हाही पुरावाच आहे, आणि पाकिटे वेगवेगळ्या अल्बमांत गेली की तो कायमचा नाहीसा होतो.

यावर कोणी म्हणेल, शिपायांची पत्रे सरकारी दप्तरात आहेतच. आहेत, पण काय आहे ते नीट पाहा. फ्रान्समधल्या हिंदी फौजेची पत्रे तपासणाऱ्या सेन्सॉर कचेरीचे अहवाल लंडनला जपलेले आहेत. ते अमोल आहेत. हिंदी शिपायांसाठी ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांसाठी ‘लाल’ असे सांकेतिक शब्द घरी कळवले जात होते, हे त्यांतूनच समजते. मात्र ते उतारे आहेत, सेन्सॉरने निवडलेले आणि इंग्रजीत उतरवलेले. शिपायाचा मूळ शब्द त्यांत नाही. तो मिळाला तर घरच्या ट्रंकेतल्या कागदावरच मिळेल, आणि मराठा पलटणीतला असेल तर कदाचित मोडीत. मोडी वाचता येत नाही म्हणून कागद फेकू नका. वाचणारे आजही मिळतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पत्रे बहुधा दुसऱ्याकडून लिहून घेतलेली आणि सेन्सॉरच्या धाकाने बेतलेली, मग त्यांत ‘येथील सर्व क्षेम’ यापलीकडे काय सापडणार? ठरावीक मायने असतात, हे मान्य. पण मायना संपतो तिथे मनीऑर्डर पोचली का, रान कुणी कसले, बैल विकला का, हे सुरू होते. लेखनिक कोणीही असो, हे प्रश्न त्याच्या मनचे नसतात.

आणि खासगीपणाचे काय? हा प्रश्न मला सर्वांत जड वाटतो. ही पत्रे लिहिताना लेखनिकाने ऐकली, वाटेत सेन्सॉरने वाचली, गावात मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवली, हे खरे असले तरी त्याने आपल्याला मोकळीक मिळत नाही. म्हणून कुटुंब सापडत असेल तर आधी त्यांना विचारा, निदान स्वच्छ प्रत त्यांच्या हाती द्या, आणि ते नको म्हणाले तर प्रदर्शनात मांडू नका. पण नाजूक आहे म्हणून पत्र काढून टाकणे हा त्याचा मान नव्हे. आपल्याकडच्या कित्येक गावांत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. पाटीवर आकडे आहेत, नावे नाहीत. ती नावे अशा पाकिटांवर आहेत.

घडीत राहिलेला कागद पाकिटाला डाग पाडतो, हे तुम्ही लिहिलेत ते बरोबर. तेव्हा पत्र आम्लरहित कागदात वेगळे ठेवा, दोघांवर पेन्सिलीने एकच क्रमांक घाला, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये असू द्या. आणि लिलावात एखादे अख्खे पुडके निघाले आणि एकट्याला परवडले नाही, तर कृपा करून दोन पाकिटे निवडून घेऊ नका. मला कळवा, आपण मिळून घेऊ.

तुमचा स्नेही