बोबड्या बोलांचे बळ

एका प्रसिद्ध सुभाषिताने शूर शंभरांत एक, पंडित हजारांत एक आणि वक्ता दहा हजारांत एक, असा हिशेब मांडून ठेवला आहे. उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्याण्णवांचे काय, हा प्रश्न सुभाषितकाराला पडलेला दिसत नाही. विद्यार्थिदशेत आमची गणना त्या उरलेल्यांत होती.

कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका गावातून आम्ही १९९०च्या दशकाच्या अखेरीस ठाण्याला महाविद्यालयात येऊ लागलो. घरची बोली आगरी. तिच्यात ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि ‘शाळे’ची ‘शाला’. पहिल्याच आठवड्यात वर्गासमोर परिचय करून देताना मागच्या बाकांवरून हसू उमटले आणि आमची वाचा बसली. पुढे बोलण्याचा प्रसंग आला की ‘ण’ आणि ‘ळ’ नसलेले शब्द आम्ही मनात जुळवू लागायचो. परंतु ही दोन अक्षरे टाळून मराठीत फार दूर जाता येत नाही. ‘आपण’ म्हटले की पहिली ठेच, ‘सगळे’ म्हटले की दुसरी. लोक म्हणतात, भाषणात विसरण्याची भीती वाटते. आम्हाला भीती होती ती ओळखले जाण्याची.

त्यातून हा परिसर व्याख्यानांचा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला. मागच्या रांगेत बसून आम्ही ऐकत असू. प्रत्येक उत्तम व्याख्यानाने आमचा धीर थोडा अधिक खचे. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिलेले गांधीजी एक शब्दही न बोलता खाली बसले, हे त्यांच्या आत्मकथेत वाचले होते. पण थोरांचे भय आपण त्यांच्या पुढच्या थोरवीच्या उजेडात वाचतो. आपल्या भयाला तसा उजेड नसतो.

वाट सापडली ती लोकलच्या डब्यात. कल्याणहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीत भजनी मंडळ असे. टाळ, ढोलकी, आणि डोंबिवलीची गर्दी चढली तरी न तुटणारा ठेका. त्यात आमच्या गावचे दोघे काका गात. त्यांच्या तोंडीही ‘पानी’च होते, पण हसणे कोणाच्या मनातही येत नसे. एके दिवशी त्यांच्यातल्या एकाने आमच्या हाती टाळ दिले आणि म्हणाला, “हं, तू म्हन आता.” मुंब्र्याच्या आधी आम्ही गात होतो. ठाण्याला उतरताना ध्यानात आले, की गाताना आपले लक्ष आपल्यावर नव्हते. ते अभंगावर होते.

पुढे एम. ए.ला ज्ञानेश्वरीवर बोलण्याची पाळी आली. नेवाशाच्या त्या वक्त्याकडे आम्ही तोवर तत्त्वज्ञ म्हणून पाहत होतो. त्या वेळी प्रथमच बोलणारा माणूस म्हणून पाहिले. पहिल्याच अध्यायात ज्ञानदेव श्रोत्यांना सांगतात, की मूल बोबडे बोलले तरी आईबापांना संतोषच होतो. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते पुन्हा श्रोत्यांचे अवधान मागतात. हा केवळ विनय नव्हे. समोरच्या सभेशी जोडलेले ते नाते आहे. श्रोता परीक्षक न राहता आप्त होतो आणि बोलण्याची अर्धी जबाबदारी उचलतो. हे सांगण्याच्या भरात त्या दिवशी आमच्या तोंडून ‘बालक’ निघाले, ‘आपन’ही निघाले. वर्ग ऐकत राहिला. बाके तीच होती आणि मुलेही बरीचशी तीच. मात्र या वेळी त्यांच्यासमोर ऐकण्याजोगे काही होते.

भीती समूळ गेली, असे म्हणवत नाही. आजही तासाला जाताना जिन्यावर घसा कोरडा पडतो. प्रमाण उच्चार आम्ही शिकलो, शिकवतोही. ते यावेत हे खरेच. परंतु आमच्या वर्गात कोणी मुलगी किंवा मुलगा पहिल्यांदा बोलायला उभा राहतो, तेव्हा उच्चाराची दुरुस्ती आम्ही त्या तासाला करीत नाही. ती पुढच्या तासाला करता येते. पहिल्या तासाला हसू उमटले, तर दुरुस्त करण्यासारखे बोलणेच पुढे उरत नाही.