एडिंबरोच्या किल्ल्यावरचा हत्ती

जालना, २५ सप्टेंबर

चि. सोनू,



एडिंबरोचा किल्ला पाहून आलीस, फोटो मिळाले. दुपारी एकला सुटणारी तोफ, अवाढव्य मॉन्स मेग तोफ, डेव्हिड राजानं आईच्या स्मरणार्थ बांधलेलं छोटं चॅपेल, सगळं मन लावून पाहिलंस, छान वाटलं. तुझा प्रश्न मात्र मला त्याहून मोलाचा वाटला. दरवाजाबाहेरच्या मोठ्या पटांगणात एका दगडी क्रूसावर हत्ती कोरलेला आहे. या थंड देशात हत्ती कुठून आला, असं तू विचारलंस. सोनू, तो हत्ती आपल्या जालना जिल्ह्यातून गेला आहे.

भोकरदन तालुक्यात असई नावाचं गाव आहे. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेलं. परवाच २३ तारीख झाली. १८०३ साली याच तारखेला तिथं लढाई झाली. आदल्या वर्षी यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आसऱ्याला गेला आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहावर सही करून बसला. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना तो तह मान्य होणं शक्यच नव्हतं. युद्ध पेटलं आणि १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी अहमदनगर घेतलं. तिथं पेठेच्या तटाला शिड्या लावून चढणाऱ्यांत ७८ वी हायलँडर्स ही स्कॉटलंडची पलटण पुढं होती. तू पाहिलेला क्रूस याच पलटणीचा.

असईला इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला रजिस्टर हाउससमोर घोड्यावर बसलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन तू येताजाता पाहत असशील, तोच हा. त्याच्याजवळ साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं होती आणि त्यांत मोठा भरणा मद्रासच्या शिपायांचा. पेशव्यांचे मराठी स्वारही त्याच्याच बाजूला होते, हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी, शंभराच्या घरात तोफा आणि दोन्ही सरदारांचं अफाट घोडदळ. केळनेला उतार नाही असं वाटाड्यांनी सांगितलं. पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं वसलेली वेलस्लीनं पाहिली. माणसं एकमेकांच्या गावी जात असणारच, मग उतार असलाच पाहिजे, असा त्यानं हिशेब केला. तो खरा ठरला आणि फौज पाण्यातून पलीकडे गेली.

आता मी तुला जे सांगणार आहे, ते तू नीट ध्यानात ठेव. आपले गोलंदाज. ७८ वी पलटण संगिनी रोखून तोफांवर चालून आली, तरी ते जागचे हलले नाहीत. तोफेपाशीच कापले गेले. गोरे पुढं सरकल्यावर गोलंदाजांतले काही उठले. मेल्याचं सोंग घेऊन पडले होते ते! त्यांनी तोफांची तोंडं फिरवली आणि पुढं गेलेल्या फौजेवर पाठीमागून गोळे टाकायला सुरुवात केली. ७८ व्या पलटणीला उलटं फिरून त्याच तोफा पुन्हा जिंकाव्या लागल्या. त्या वेळीही गोलंदाज नेटानं लढले. असई गावाजवळ ७४ वी हायलँडर्स तर जवळपास संपलीच. इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. वॉटर्लू जिंकल्यानंतरही वेलिंग्टन आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घेत असे.

मग आपण हरलो कसे? माझं मत स्पष्ट आहे. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले रणात उभे राहिले नाहीत. कवायती फौज पोलमन नावाच्या जर्मनाच्या हाती होती आणि शिंद्यांच्या चाकरीतले बरेच इंग्रज अधिकारी ईस्ट इंडिया कंपनीनं दिलेल्या आमिषानं आधीच निघून गेले होते. एवढं मोठं घोडदळ जवळपास नुसतंच उभं राहिलं. गोलंदाजांच्या जिवावर लढाई लांबली; ती जिंकून देणं ज्यांच्या हातात होतं त्यांनी गोलंदाजांना एकटं टाकलं. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. डिसेंबरात गाविलगडचा किल्लाही पडला.

असईच्या पराक्रमाबद्दल कंपनीनं ७८ व्या पलटणीला मानाचं निशाण दिलं, त्यावर हत्ती होता. तेव्हापासून हत्ती ही त्या पलटणीची खूण झाली. क्रूस उभारला गेला तो पुढं, १८५७–५८ च्या उठावात मेलेल्या पलटणीच्या सैनिकांसाठी. जुलै १८५७ मध्ये इंग्रज सेनापती हॅवलॉकच्या फौजेतून याच पलटणीनं कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या तोफांवर हल्ला केला होता. म्हणजे त्या एका दगडाशी आपला दोनदा संबंध येतो.

मेलेले हायलँडरही गरीब घरचे, डोंगराळ मुलखातून पोटासाठी पलटणीत भरती झालेले तरुण होते. त्यांच्या गावानं, त्यांच्या देशानं त्यांची आठवण जपली, याचा मला राग नाही, आदरच आहे. दुःख आहे ते आपल्या बाजूचं. तोफेपाशी मेलेल्या त्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव मला ठाऊक नाही, आणि इथल्या शाळेतल्या पोरांना असईची लढाई विचारली तर बहुतेक जण गप्प बसतात.

म्हणून तुला एक काम सांगतो. पुढच्या वेळी मैत्रिणींना घेऊन त्या पटांगणात जाशील तेव्हा क्रूसापाशी थांब आणि हत्तीची गोष्ट गोलंदाजांपासून सांगायला सुरुवात कर. सुट्टीत आलीस की आपण असईला जाऊ. पावसाळ्यानंतर ये, म्हणजे केळनेला पाणी असेल आणि उताराची जागा तुला नीट दाखवता येईल.

तुझा,
मामा